न वाजलेल्या रचनांची जन्मशताब्दी

ख्रिस्तसभेच्या उपासनेच्या दिनदर्शिकेत जन्मदिवसाचे सण अवघे तीन आहेत. २५ डिसेंबरला प्रभू येशूचा, ८ सप्टेंबरला पवित्र मरियेचा आणि २४ जूनला योहान बाप्तिस्ताचा. इतर संतांचा सण बहुतकरून त्यांच्या मृत्यूच्या तारखेस येतो, कारण स्वर्गातला जन्म तोच खरा जन्म, अशी ख्रिस्तसभेची जुनी धारणा आहे. कलेच्या जगाची रीत वेगळी. तेथे जन्माची पंचाहत्तरी, शताब्दी, द्विशताब्दी मोजली जाते आणि त्या त्या साली कलावंताच्या तसबिरीस हार चढतो.

वरील तीन जन्मदिवसांपैकी २४ जूनचा आणि संगीताचा संबंध फार जुना आहे. त्या सणाच्या लॅटिन स्तोत्राचे पहिले सहा चरण अशा बेताने बांधले आहेत की प्रत्येक चरण आधीच्या चरणापेक्षा एक स्वर वर सुरू होतो. अकराव्या शतकात अरेझ्झोच्या ग्विदो या बेनेडिक्टाईन मठवासीने त्या चरणांची आद्याक्षरे उचलली आणि गायक मुलांस स्वर ओळखण्याची युक्ती शिकविली : उत, रे, मी, फा, सोल, ला. पुढे 'उत'चा 'दो' झाला, 'सी'ची भर पडली आणि ही स्वराक्षरे सर्व युरोपभर गेली. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चच्या शाळांतून हीच अक्षरे मुलांच्या तोंडी बसली. त्या शाळांत हाती व्हायोलिन आणि डोळ्यांपुढे स्वरलिपी घेऊन वाढलेली मुले पुढे मुंबईस आली आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांचा कणा झाली. एका बाप्तिस्म्याच्या संताच्या जन्मदिनाचे स्तोत्र अशा वळणांनी दादर-अंधेरीच्या ध्वनिमुद्रणगृहांत जाऊन पोहोचले, ही गोष्ट आम्हांस नेहमीच मोठी नवलाची वाटत आली आहे.

याच वाटेवरच्या दोघांची जन्मशताब्दी २०२७ या सालात येते. अँथनी गोन्साल्विस आणि वनराज भाटिया, दोघांचाही जन्म १९२७ चा. पहिले गोव्यातील माजोर्डा गावचे कॅथोलिक, दुसरे मुंबईचे कच्छी. त्याच वर्षी १ एप्रिलला आणखी एका रचनाकाराच्या जन्मास १२० वर्षे पुरी होतात. ते वॉल्टर कॉफमन, युरोपातून आश्रयास आलेले ज्यू, ज्यांच्या उमेदीची बारा वर्षे मुंबईत गेली. या तिघांना एकत्र आणण्याचे कारण केवळ तारखांचा योग नव्हे. तिघांचीही एकेक अगदी लहानशी गोष्ट साऱ्या देशाला तोंडपाठ आहे आणि तिघांचेही मोठे काम जवळजवळ कोणीही ऐकलेले नाही. कॉफमन यांची धून ठाऊक, नाव ठाऊक नाही. गोन्साल्विस यांचे नाव ठाऊक, सूर ठाऊक नाही. भाटिया यांचे नावही ठाऊक आणि सूरही ठाऊक. पण ज्या सुरांसाठी त्यांनी आयुष्य वाहिले ते नव्हेत.

कॉफमन यांच्यापासून आरंभ करू. आकाशवाणीची सभा सुरू होण्यापूर्वी तानपुऱ्याच्या झंकारावर व्हायोलिनची जी धून वाजते, ती ज्यांच्या कानावर पडली नाही असे घर आपल्या पिढीत विरळा. शिवरंजनी रागाच्या वळणाची ही धून १९३६ च्या सुमारास कॉफमन यांनी बांधली असे सामान्यतः मानले जाते. ते १९०७ साली बोहेमियातील कार्ल्सबाड येथे जन्मले, बर्लिनमध्ये रचना शिकले, प्रागमध्ये त्यांनी संगीतशास्त्राचा प्रबंध सिद्ध केला. पण आपला मार्गदर्शक नाझींच्या संघटनेत आहे हे कळताच त्यांनी त्या पदवीवर पाणी सोडले. त्यांची पत्नी गेर्टी ही लेखक फ्रान्झ काफ्का यांची भाची. १९३४ साली ते मुंबईच्या धक्क्यावर उतरले.

येथे येण्यामागची त्यांची भूमिका आम्हांस विशेष मोलाची वाटते. भारतीय संगीताच्या तबकड्या त्यांनी प्रथम ऐकल्या तेव्हा ते संगीत त्यांना परके आणि अगम्य वाटले. पण ज्या संगीतावर लाखो लोक जीव टाकतात आणि जे बुद्धी व हृदय असलेल्या माणसांनी निर्मिले आहे, ते आपणांस भावत नसेल तर उणीव आपल्यातच असली पाहिजे, असा विचार त्यांनी केला आणि जेथे ते जन्मते त्या देशी जाऊन शिकावे असे ठरविले. समीक्षेच्या पोथ्यांतून रसिकतेच्या पुष्कळ व्याख्या आम्ही वाचल्या आहेत. इतकी नम्र आणि इतकी उपयोगी व्याख्या क्वचितच आढळली.

मुंबईत आल्या वर्षीच त्यांनी चेंबर म्युझिक सोसायटी स्थापन केली. स्वतः पियानोवर बसत, व्हायोलिनवर मेहली मेहता, म्हणजे झुबिन मेहता यांचे वडील. १९३७ पासून त्यांनी आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर युरोपीय संगीताचा विभाग सांभाळला, चित्रपटांसाठी संगीत दिले, १९३८ साली 'अनसूया' ही संगीतिका नभोवाणीसाठी रचली. १९४६ मध्ये ते भारत सोडून गेले. पुढे कॅनडातील विनिपेगच्या वाद्यवृंदाचे संचालक आणि मग अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात प्राध्यापक झाले. उत्तर आणि दक्षिण भारतातील रागांवरचे त्यांचे दोन जाडजूड इंग्रजी ग्रंथ आजही अभ्यासक चाळतात. १९८४ साली त्यांचे निधन झाले.

जन्मशताब्दीचे साल, म्हणजे २००७, आले तसे गेले. कॉफमन यांची तारवाद्य-चतुष्टके लोकांच्या कानी पडली ती २०२० मध्ये, कसलेही निमित्त नसताना. टोरंटोच्या 'आर्क आन्साम्बल' या वादकसमूहाने परागंदा झालेल्या रचनाकारांचा शोध घेता घेता विद्यापीठात पडून असलेल्या त्यांच्या हस्तलिखितांना हात घातला आणि त्यांतील काही रचना ध्वनिमुद्रित केल्या. त्या ऐकल्यावर प्रथम काय जाणवते ? ज्याला आपण 'भारतीय रंग' म्हणतो त्याचा येथे शृंगार नाही. सतार वाजल्याचा आभास करून देण्याची, दर्दभऱ्या मींडेची नक्कल करण्याची हौस नाही. पाच स्वरांचा आवाका, एकाच आकृतीची थोड्या थोड्या बदलाने होणारी पुनरावृत्ती आणि अखंड गुंजणारा आधारस्वर एवढेच त्याने घेतले आणि ते युरोपीय चौकटीत असे बसविले की सांधा दिसत नाही. क्वचित तो आधारस्वराच्या मऊ गादीवर जरा अधिकच विसावतो, आणि मग रचना पुढे सरकत नाही. असेही आम्हांस वाटले. पण तीव्र गतीच्या भागांतून जी चपळाई आणि जो विनोद आहे, तो निर्वासिताच्या करुण कहाणीची अपेक्षा धरून बसलेल्या श्रोत्यास चांगलाच चकवतो.

आता आमच्या अधिक जिव्हाळ्याचा विषय. आमच्या धर्मग्रामांतील लग्नांत, संतांच्या सणांच्या संध्याकाळी, तरुण मंडळी 'माय नेम इज अँथनी गोन्साल्विस' हे गीत हमखास म्हणतात. १९७७ सालच्या 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटातला तो अँथनी ईस्टरच्या मेजवानीत भल्यामोठ्या अंड्यातून बाहेर पडतो, डोक्यावर उंच टोपी, तोंडी अर्थहीन इंग्रजी शब्दांची लड. हिंदी चित्रपटाने ख्रिस्ती माणूस बहुधा असाच रंगविला : दारू, गिटार आणि विनोद. त्या चित्राबद्दल आपल्या समाजात पुष्कळ कुरकूर झाली आहे आणि ती गैर नाही. तथापि त्या नावामागे एका शिष्याची कृतज्ञता उभी आहे, हे फारच थोड्यांना माहीत असते. संगीतकार जोडीतील प्यारेलाल हे अँथनी गोन्साल्विस यांच्यापाशी व्हायोलिन शिकले होते आणि गुरूचे नाव गाण्यात यावे ही सूचना त्यांची, असे सांगितले जाते. राहुलदेव बर्मन हेही त्यांचेच विद्यार्थी. म्हणजे ज्या नावावर लोक नाचतात ते नाव हिंदी चित्रसंगीताच्या दोन पिढ्यांना शिकविणाऱ्या गुरुजींचे.

त्यांचे वडील माजोर्ड्याच्या चर्चमधील गायनवृंदाचे शिक्षक होते. १९४३ च्या सुमारास, मिसरूड फुटण्याच्या वयात, अँथनी मुंबईस येऊन नौशाद यांच्याकडे व्हायोलिन वाजवू लागले. पुढे ते संयोजक झाले. या शब्दाचा अर्थ येथे उलगडून सांगणे अवश्य आहे, कारण सारा अन्याय त्या एका शब्दात दडला आहे. संगीतकार चाल गुणगुणे किंवा पेटीवर वाजवून दाखवी. ती चाल कागदावर उतरवून घेणे, तिच्याखाली दुसरे-तिसरे सूर रचणे, दोन ओळींमधली जागा व्हायोलिनांनी भरावी की बासरीने हे ठरविणे, पन्नास वादकांपैकी प्रत्येकाच्या पुढ्यात त्याचा त्याचा कागद ठेवणे, हे काम संयोजकाचे. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस अशा गोवेकर मंडळींनी ते वर्षानुवर्षे केले. पडद्यावरच्या नामावळीत त्यांची जागा 'सहायक' अशी, आणि तीही असेल तर. आपल्या गायनवृंदात सोप्रानो, आल्टो, टेनर, बास असे चार आवाज एकाच वेळी निरनिराळे सूर गातात आणि त्यांतून एक स्तोत्र उभे राहते. ज्या कानाला हे बालपणापासून ठाऊक, तोच कान हे काम करू शके.

पण गोन्साल्विस यांना दुसऱ्याच्या चालीची मांडणी करून थांबायचे नव्हते. स्वतःचे काही लिहावे, तेही रागांच्या भूमीवर उभे राहून पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी लिहावे, ही त्यांची तळमळ होती. १९५८ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात त्यांनी चित्रपटसृष्टीतल्या वादकांचा मोठा वाद्यवृंद उभा केला आणि लता मंगेशकर व मन्ना डे यांना एकल गायक म्हणून घेऊन आपल्या रचना लोकांपुढे मांडल्या. जेझुइट धर्मगुरूंचे ते प्रांगण, दगडी कमानी, दिवसभर चित्रपटांची ध्वनिमुद्रणे करून आलेले गोवेकर वादक आणि अग्रभागी मराठी व बंगाली कंठ. मुंबईच्या सांस्कृतिक इतिहासात या संध्याकाळीला एखादे पान तरी हवे होते. मिळाली ती एखादी ओळ.

त्यांच्या एका रचनेचे नाव 'कॉन्चेर्टो इन राग सारंग'. नुसते नाव वाचूनही जाणकाराने थबकावे. पाश्चात्त्य स्वरमेळाचा पाया म्हणजे तीन स्वरांचा गुच्छ. आपल्या भाषेत सा, ग, प. चर्चच्या ऑर्गनवर प्रत्येक स्तोत्र जेथे येऊन विसावते ते घर हेच. सारंगात गंधार वर्ज्य. म्हणजे ज्या विटेवर घर उभारायचे तीच वीट नाही ! धैवतही नाही. उरतात सा, रे, म, प आणि दोन निषाद. आता रचनाकाराने करावे काय ? गंधार चोरून आणला तर सारंग मेला. न आणला तर युरोपीय कानास विसाव्याची जागा सापडत नाही. मग षड्ज-पंचमाच्या मोकळ्या जोडीवर उभे राहायचे, रे-म-पच्या दाटीतून ताण निर्माण करायचा, आणि दोन निषादांच्या चढत्या-उतरत्या भेदाला नाट्याचे रूप द्यायचे. अशा काही वाटा उघडतात. त्या प्रत्येक वाटेवर शास्त्रीय गवई 'हा राग नव्हे' म्हणण्यास आणि पाश्चात्त्य संगीताचा शिक्षक 'ही हार्मनी नव्हे' म्हणण्यास टपून बसलेला. असे कोडे आपण होऊन अंगावर घेणारा मनुष्य काय केवळ हौशी म्हणावयाचा ?

काही रसिक म्हणतात की राग आणि स्वरमेळ यांचा संसार मुळी जमतच नाही, म्हणून या रचना मागे पडल्या. यात अन्याय कसला? हा युक्तिवाद आम्ही अनेकदा ऐकला आहे, तोही अशा लोकांकडून की ज्यांनी त्या रचना ऐकलेल्याच नाहीत. जमले की नाही हे वाजविल्यावर ठरते. आणि जमले नसेल तर कोठे जमले नाही, हे कळणेही पुढच्या रचनाकारास लाखमोलाचे असते. युरोपात चार आवाजांचा मेळ काही एका रात्रीत बसला नाही. मठवासीयांनी, चर्चच्या गायकांनी, चार-पाच शतके ठेचा खाल्ल्या तेव्हा तो बसला. आपण मात्र एका माणसाच्या एका संध्याकाळीवर निकाल देऊन मोकळे होतो.

१९६५ च्या सुमारास गोन्साल्विस अमेरिकेत सिरॅक्यूज विद्यापीठात शिष्यवृत्तीवर गेले. चित्रसृष्टी सुटली ती सुटलीच. परतल्यावर ते माजोर्ड्यात शांतपणे राहिले. १८ जानेवारी २०१२ रोजी त्यांनी तेथे देह ठेवला. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांचे मथळे काय होते, हे वाचकांना सांगावयास नकोच. त्या गाण्यावाचून एकाही मथळ्याला पुढे जाता आले नाही.

वनराज भाटिया यांची कथा वरवर पाहता यशाची आहे. ३१ मे १९२७ रोजी मुंबईत जन्म, बालवयात देवधरांच्या संगीतविद्यालयात हिंदुस्थानी संगीताचे धडे, पुढे पियानो. एल्फिन्स्टन महाविद्यालयातून एम. ए. झाल्यावर लंडनच्या रॉयल अ‍ॅकॅडमीत रचनाशास्त्र, १९५४ साली सुवर्णपदक, आणि त्यानंतर पॅरिसमध्ये नादिया बूलांजे यांच्यापाशी शिक्षण. या बाई श्रद्धावंत कॅथोलिक, ऑर्गनवादक, आणि विसाव्या शतकातील निम्म्या अमेरिकेच्या संगीतगुरू म्हणाव्यात अशा. कोपलंड त्यांचा शिष्य, फिलिप ग्लासही त्यांचाच. त्यांच्या शिकवणीचा गाभा बाख. शिष्याने आधी बाखप्रमाणे सूर सुरात गुंतवून दाखवायचा, मग स्वतःचे काय ते बोलायचे.

१९५९ साली भाटिया मायदेशी आले. युरोपच्या दोन राजधान्यांत शिकून आलेल्या या रचनाकाराला मुंबईने काय काम दिले ? रेशमी साड्यांच्या जाहिरातीचे. मग साबणाच्या, रंगाच्या, कापडाच्या. त्यांनी केलेल्या जाहिरातगीतांची संख्या सात हजारांवर सांगतात. मध्यंतरी, १९६० ते १९६५, दिल्ली विद्यापीठात त्यांनी पाश्चात्त्य संगीतशास्त्र शिकविले. १९७४ मध्ये श्याम बेनेगल यांचा 'अंकुर' आला आणि त्यानंतर 'मंथन', 'भूमिका', 'जुनून', 'मंडी' अशी रांग लागली. गोव्यातल्या एका जुन्या कॅथोलिक घराण्यावरचा 'त्रिकाल' आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. १९८८ च्या 'तमस'ला राष्ट्रीय पारितोषिक, पुढे संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, २०१२ साली पद्मश्री.

त्याच १९८८ साली दूरदर्शनवर सुरू झालेल्या 'भारत एक खोज'चे शीर्षकसंगीत आम्हांस त्यांच्या लोकप्रिय कामातले सर्वांत श्रेष्ठ वाटते. ऋग्वेदातील नासदीय सूक्त त्यांनी समूहाच्या कंठात घातले. वेदपठणाची परंपरागत घडण त्यांनी जशीच्या तशी उचलली नाही, आणि तिच्यावर वाद्यांचा भडिमारही केला नाही. समूहाचे स्वर पायरीपायरीने चढतात, मध्येच मोकळी जागा सुटते, आणि प्रश्न विचारून झाल्यावर उत्तर न देता गाणे थांबते. सेमिनरीत ग्रेगोरियन गायन शिकलेल्या आमच्यासारख्याच्या कानास त्या रचनेत ओळखीचे काही तरी सापडले होते आणि ते काय, याचा उलगडा भाटियांचे शिक्षण ठाऊक झाल्यावर झाला. अनेक कंठ एकत्र असूनही शब्द स्पष्ट ऐकू येणे, आवाजाने अर्थाला वाट करून देणे, ही चर्चच्या समूहगायनाची शतकांची शिस्त. तीच शिस्त येथे वेदाच्या सेवेला लागली होती. लाखो घरांत दर आठवड्याला ते सूर घुमले. तरी संगीताच्या चर्चेत त्याबद्दल कोणी गंभीरपणे लिहिल्याचे स्मरत नाही. दूरदर्शनचे शीर्षकसंगीत म्हणजे संगीत नव्हेच, असा आपला एक समज.

परंतु भाटिया स्वतः ज्यासाठी जगले ते निराळेच. पियानोसाठी 'फँटेशिया आणि फ्यूग', तारवाद्यांसाठी 'सिन्फोनिया कॉन्चेर्तान्ते', 'सहा ऋतू' ही गीतमाला, आणि आयुष्याच्या उत्तरार्धात गिरीश कार्नाड यांच्या नाटकावरील 'अग्निवर्षा' ही संगीतिका. फ्यूग म्हणजे काय, हे ज्यांनी गायनवृंदात गायिले आहे त्यांना सहज सांगता येईल. एका आवाजाने एक वाक्य म्हणावे. ते संपते तोच दुसऱ्याने तेच वाक्य पंचमावरून उचलावे आणि पहिल्याने त्याच्याभोवती दुसरे काही गुंफीत राहावे. मग तिसरा, मग चौथा. कोणी कोणाचा साथीदार नाही, सगळेच मुख्य. आपल्याकडे एक गायक आणि बाकीचे त्याच्या मागे, ही मांडणी इतकी रुळली आहे की चौघे समान अधिकाराने बोलत आहेत, हे ऐकण्याची सवयच कानांना नाही. भाटियांच्या गंभीर रचना श्रोत्याकडून नेमकी हीच सवय मागतात. मुंबईतले पाश्चात्त्य संगीताचे श्रोते मोझार्ट-बेथोव्हेनच्या पलीकडे जावयास नाखूष, हिंदुस्थानी संगीताचे श्रोते रागाच्या अलीकडे यावयास नाखूष. दोन्ही दारांच्या मधल्या ओट्यावर हा माणूस साठ वर्षे उभा राहिला.

संगीतिकेचे पहिले दोन अंक २०१२ साली वाजले, पण न्यूयॉर्कला. जानेवारी २०१९ मध्ये जगद्विख्यात चेलोवादक यो-यो मा यांनी मुंबईत त्यांची 'रेव्हरी' वाजविली; रचनाकाराचे वय ९१. आणि त्याच वर्षी वृत्तपत्रांतून बातम्या आल्या की हा वृद्ध मुंबईत एकटा राहतो, बँकेत पैसे उरलेले नाहीत, घरातल्या वस्तू विकण्याची पाळी आली आहे. मग मदत धावली. ते मुंबईकरांच्या लौकिकास साजेसेच. ७ मे २०२१ रोजी, महासाथीच्या दुसऱ्या लाटेत, चौऱ्याण्णव वर्षे पुरी होण्यास काही आठवडे उरले असता, ते गेले.

चित्र भिंतीवर टांगलेले राहते, पुस्तक कपाटात का होईना असते. वाद्यवृंदाची रचना मात्र वाजली नाही तर ती केवळ काळ्या ठिपक्यांचे कागद होय. ती वाजण्यासाठी प्रत्येक वादकाची प्रत स्वच्छ उतरलेली लागते, सरावाचे दिवस लागतात, सभागृहाचे भाडे लागते. पहिला प्रयोग एक वेळ मित्रांच्या उत्साहावर होतो. दुसऱ्या प्रयोगाला कोणी वाली नसतो, आणि रचना जगते ती दुसऱ्या-तिसऱ्या प्रयोगावर. युरोपात प्रकाशक वादकांच्या प्रती भाड्याने देतात, त्यामुळे लिस्बनमध्ये वाजलेली रचना पुढच्या महिन्यात वॉर्सात वाजू शकते. आपल्याकडे रचनाकाराच्या घरातली पेटी हाच प्रकाशक आणि तेच ग्रंथालय. बेथोव्हेनच्या २५० व्या जयंतीस, २०२० साली, महासाथीने सारे बेत विसकटले तरी त्याचे काही बिघडले नाही. त्याची सिंफनी पुढच्या वर्षी वाजणारच होती. जयंतीची गरज त्याला नव्हतीच. ज्यांना ती आहे त्यांच्या जयंतीला आपण भाषणे ठेवतो.

आम्हांस भय आहे ते याचेच. शताब्दीच्या निमित्ताने गोव्यात आणि मुंबईत समारंभ होतील, ते व्हावेतच. पाहुणे दीप लावतील, ते सुप्रसिद्ध गाणे ध्वनिवर्धकावर लागेल, मंडळी ताल धरतील. सारंगातली ती रचना मात्र त्याही दिवशी कोणी वाजविणार नाही.

आणि हे फक्त शहरांतल्या संस्थांना उद्देशून नाही. आमच्या धर्मग्रामांतही ऑर्गनजवळ बसणारा, रात्री जागून नाताळासाठी नवी चाल बांधणारा एखादा मास्तर असतो. त्याची चाल एका नाताळात गायिली जाते, पुढच्या वर्षी झेरॉक्स हरवते, आणि गायनवृंद पुन्हा जुन्या चार गीतांवर येतो. धर्मगुरूंच्या बदल्या होतात, येणाऱ्याला आधीच्याच्या काळातले काही ठाऊक नसते. आमच्या बिरादरीने या बाबतीत अधिक काळजी घ्यावयास हवी होती. मास्तर गेल्यावर त्याच्या मिस्सेत आपण त्याच्या संगीतसेवेचा गौरव करतो, आणि त्याच मिस्सेत त्याची एकही चाल गात नाही.

शंभर वादक जमविणे कोणाही धर्मग्रामाच्या आवाक्यातले नाही, हे आम्ही जाणतो. पण या तिघांच्या कामात लहान आकाराचे पुष्कळ आहे. कॉफमन यांची व्हायोलिन-पियानोची सोनाटा दोन माणसे वाजवू शकतात. त्यांचे कागद इंडियाना विद्यापीठाच्या संगीत-ग्रंथालयात जपलेले आहेत. भाटियांच्या 'फँटेशिया आणि फ्यूग'ला एक पियानो आणि दोन हात पुरतात. वसईपासून वांद्र्यापर्यंत आपल्या किती घरांतली मुले लंडनच्या संगीतपरीक्षांच्या वरच्या इयत्ता देतात ! परीक्षेसाठी नेमलेले तीन तुकडे वर्षभर घोटतात, प्रमाणपत्र भिंतीवर लावतात आणि पियानोचे झाकण बंद होते. त्यांच्यापैकी दोघांनी, तिघांनी, येत्या पास्काच्या सुटीत चौथा तुकडा म्हणून यांतले एखादे पान समोर घ्यावे. सभागृह आम्ही देऊ. पियानो जुना आहे, मधल्या सप्तकातली एक पट्टी अडकते, ती तेवढी नीट करून ठेवू.